मराठी रंगभूमीची तालीम आणि आपण स्त्रिया

तालीम हा शब्द काढला की आपल्या वाशिमकडे आधी आखाडाच डोळ्यांपुढे येतो. लाल माती, शड्डू, नागपंचमीच्या कुस्त्या. बायकांनी तिकडे फिरकायचे नाही, एवढेच त्या तालमीविषयी आपल्याला ठाऊक. परंतु हा शब्द मूळचा अरबी, आणि त्याचा अर्थ शिकवणे, शिक्षण देणे असा आहे. मराठीत आल्यावर त्याच्या दोन वाटा झाल्या. एक मातीच्या हौद्याकडे गेली आणि दुसरी नाटक मंडळीच्या बिऱ्हाडाकडे. त्या दुसऱ्या तालमीची हकीकत या स्मरणिकेत लिहावी असे मनात आले. त्याला कारणही तसेच घडले. आपल्या मंडळाने यंदा कोजागरीला नाटक करायचे ठरवले, तेव्हा बहुतेक जणींनी "मले नाही जमत व माय" असे म्हणून हात झटकले. म्हणणाऱ्या कोण? तर ज्यांनी लहानपणी महिनाभर भुलाबाई गाजवली त्याच!

भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसली की कोजागरीपर्यंत आपण पोरी घरोघर हिंडत होतो. टिपऱ्या वाजवायच्या, सासरच्या तक्रारी गाण्यातून मांडायच्या, मध्येच एकीने खाष्ट सासू व्हायचे, दुसरीने माहेरी निघालेली सून. झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखताना जी सोंगे आपण आणत होतो ती कुणी शिकवली नव्हती. पुढे लग्ने झाली, डोक्यावर पदर आला. कुणी दम दिला असे सर्वांच्याच घरी झाले नाही. आवाज आपला आपणच खाली उतरला आणि वीस वर्षांनी ती म्हणते, मला येतच नाही. अभिनय ही देवाची देणगी, ती असते किंवा नसते, असे लोक सहज बोलून जातात. नाटकाचा इतिहास वाचू लागले तेव्हा मला निराळेच दिसले. मोठमोठ्या नटांचाही धीर सुटला आहे आणि तो तालमीतच परत आला आहे.

प्रारंभ आपल्या गावापासून करते. वाशिमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटक राजांच्या एका शाखेची ही राजधानी. त्यांच्यातला सर्वसेन हा राजा स्वतः कवी होता आणि त्याने प्राकृत भाषेत हरिविजय नावाचे काव्य रचले. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी राजशेखर नावाचा पंडित होऊन गेला. त्याच्या काव्यमीमांसा या ग्रंथात एक मौजेची कथा आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष आईवर रुसून घरातून निघून गेला. त्याला वळवून आणण्यासाठी गौरीने साहित्यविद्या नावाची वधू निर्माण केली. ती त्याच्या मागे देशोदेशी फिरली. जिथे जाईल तिथला वेष घेई, तिथले नृत्य करी, तिथल्या तऱ्हेने बोले. पूर्वेकडे तो बधला नाही, पांचाल देशात थोडा निवळला, आणि दक्षिणेकडे आल्यावर पुरता वश झाला. त्यांचे गांधर्वविधीने लग्न लागले ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात! वेष, चालणे आणि बोलणे, नटाची सारी विद्या या तिहीतच आली, आणि ती घेऊन फिरणारी एक स्त्री होती. याच राजशेखराचे कर्पूरमंजरी हे नाटक त्याची पत्नी अवंतिसुंदरी हिच्या इच्छेवरून रंगभूमीवर आले. तेव्हा आपल्या गावात बायकांनी नाटक करणे म्हणजे काही नवे थेर नव्हे, हे ज्यांना सांगायचे त्यांना जरूर सांगावे.

मराठी नाटकाचा जन्म सांगलीचा. संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सीतास्वयंवर हा खेळ केला. त्या काळी लिहिलेले भाषण नसे. सूत्रधार पदे म्हणे आणि पात्रे प्रसंग पाहून आपल्या मनाने बोलत. म्हणजे आपल्या भुलाबाईसारखेच म्हणा ना! अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात शाकुंतल रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाचे युग आले. आता शब्द पक्का झाला, पद पक्के झाले, आणि ते पाठ करून घेणारा तालीममास्तर लागू लागला.

या मास्तरांत सर्वांत मोठे नाव गोविंद बल्लाळ देवल यांचे. सांगलीजवळच्या हरिपूरचे हे गृहस्थ स्वतः शाळामास्तर होते आणि शाळामास्तराची चिकाटी त्यांनी नाटकात आणली. कंपनीत दहा-बारा वर्षांची मुले असत. ती आईबापांना सोडून आलेली, कंपनीच्या पंगतीत जेवणारी, बिऱ्हाडात झोपणारी. त्यांना शब्द कुठे तोडायचा, वाक्याचा भार कुठे टाकायचा, रडताना शब्द गिळायचा नाही, हे सारे घोटून घ्यावे लागे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले, तेव्हा गळा त्यांचा होता. पण गद्य बोलण्याची आणि स्त्रीभूमिका उभी करण्याची तालीम त्यांना देवलांकडून मिळाली. देवलांचे शारदा नाटक १८९९ सालचे. पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी मुलगी त्यात आहे. (१९२९ सालच्या बालविवाहाच्या कायद्याला लोक शारदा कायदा म्हणतात आणि तो या नाटकावरून आला असे समजतात. ते नाव वस्तुतः हरबिलास सारडा या गृहस्थांचे.) पण त्या शारदेचे दुःख रंगमंचावर सांगत कोण होते? मिसरूड न फुटलेला मुलगा.

बालगंधर्वांविषयी मला आदरच आहे. त्यांची साडी, त्यांची नथ, पदर सावरण्याची त्यांची रीत पाहून घरंदाज बायका तसे नेसू लागल्या हे सर्वांना माहीत आहे. तरी एक विचार मनात येतोच. बाईने कसे चालावे, कसे लाजावे, हे पुरुष तालमीत शिकला आणि त्याचे पाहून बाई शिकली! आपल्याकडच्या दंडारीतही बाईचे सोंग पुरुषच घेत आले. आपली वस्तू शेजारणीकडे नांदत असावी आणि आपणच ती उसनी मागायला जावे, त्यातला हा प्रकार.

मग त्या काळी बायका रंगभूमीवर नव्हत्याच काय? होत्या. निव्वळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्या होत्या. त्यात राजा, प्रधान, राक्षस, सारी सोंगे बायकाच करीत. त्यांना समाजात मान नव्हता आणि इतिहासाच्या पुस्तकांत त्यांच्या वाट्याला दोन-चार ओळी येतात. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या दोघी १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या मोहिनी भस्मासुर या चित्रपटात उभ्या राहिल्या. आपल्या देशाच्या चित्रपटातल्या या पहिल्या स्त्रिया. ही कमला म्हणजेच पुढे कमलाबाई गोखले. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव आणि विक्रम गोखले त्यांचे नातू. कमलाबाईंनी पुढे चित्ताकर्षक मंडळीत पुरुषांच्या बरोबरीने कामे केली. त्यांच्या म्हातारपणी रीना मोहन या बाईंनी त्यांच्यावर एक माहितीपट केला. तो १९९२ सालचा. त्यात सुरकुतलेल्या चेहऱ्याच्या, एकट्या राहणाऱ्या कमलाबाई जुन्या नाटकांतली भाषणे म्हणून दाखवतात. शाळेचे तोंड न पाहता ही विद्या त्यांच्या अंगी मुरली ती कंपनीच्या तालमीत.

आता थोडे दूर, रशियात जायचे आहे. कारण गेलेला धीर परत कसा आणावा याचा जितका विचार तिथल्या एका नटाने केला तितका क्वचितच कुणी केला असेल. कॉन्स्टँटिन स्टॅनिस्लाव्हस्की हे त्यांचे नाव. १८६३ साली जन्मले, १९३८ साली वारले. १८९८ साली त्यांनी नेमिरोविच-डान्चेंको या स्नेह्याबरोबर मॉस्को आर्ट थिएटर काढले. चेकॉव्हची नाटके तिथे गाजली. स्वतः स्टॅनिस्लाव्हस्की इब्सेनच्या नाटकातले डॉक्टर स्टॉकमन हे पात्र फार सुंदर करीत. १९०६ साली त्यांची मंडळी परदेशचा दौरा करून आली. जिकडेतिकडे वाहवा झाली होती. वय चाळिशीच्या पुढचे, म्हणजे आपल्यासारखेच! आणि नेमके तेव्हाच त्यांना कळून चुकले की आपल्या कामातला आनंद आटला आहे.

त्या उन्हाळ्यात ते फिनलंडमध्ये विश्रांतीला गेले आणि समुद्रकाठच्या खडकावर बसून विचार करू लागले. डॉक्टर स्टॉकमनची भूमिका त्यांनी प्रथम केली तेव्हा आयुष्यात भेटलेली, पाहिलेली माणसे मनात जिवंत होती. त्या आठवणींतूनच ते चालणे, ती बोटे पुढे करून बोलण्याची लकब आपोआप आली होती. पुढे प्रयोगावर प्रयोग झाले. बोटे तशीच हलत राहिली, पावले तशीच पडत राहिली. पण आतली आठवण विझून गेली होती. प्रेक्षकांना कळत नव्हते, त्यांना स्वतःला कळत होते. चुलीवर दूध ठेवून आपण तोंडाने आरती म्हणतो, शब्द एकही चुकत नाही आणि लक्ष सारे उतू जाणाऱ्या दुधाकडे असते, तसे म्हणावे का? हजार माणसांसमोर रोज रात्री तसे उभे राहणे म्हणजे नटाला मरणच.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, प्रतिभा संपली, आता दुकान मांडावे. स्टॅनिस्लाव्हस्कींनी पुन्हा पहिल्या यत्तेत नाव घातले. नटाचा जीव केव्हा मोकळा होतो आणि केव्हा आखडतो, याचा त्यांनी स्वतःवरच अभ्यास मांडला. पहिली गोष्ट त्यांना आढळली ती अंगाची. भ्यालेल्या माणसाचे खांदे, मान, जबडा ताठलेला असतो, आणि ताठलेल्या अंगात भावना शिरतच नाही. दुसरी गोष्ट लक्षाची. समोरच्या अंधारातल्या माणसांकडे लक्ष गेले की भीती वाटते. हातातल्या वस्तूकडे किंवा समोरच्या पात्राकडे खरोखर लक्ष दिले की ती पळते. तिसरी गोष्ट 'जर' या शब्दाची. मी राणी आहे असे मनाला खोटे पटवायचे नाही. मी जर या जागी असते तर काय केले असते, एवढेच विचारायचे. १९१२ साली त्यांनी तरुण नटांसाठी एक स्टुडिओ, म्हणजे प्रयोगशाळाच काढली. पुढे हे सारे त्यांनी एका शाळेच्या गोष्टीच्या रूपाने लिहिले. त्याचे मराठी पुस्तक अभिनय साधना या नावाने के. नारायण काळे यांनी केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी वाचनालयातून आणून मी ते हळूहळू वाचले. काही पाने दोनदा वाचावी लागली. पण त्यातला एक प्रसंग आपल्यापैकी कुणालाही लगेच समजेल असा आहे.

वर्गातल्या एका मुलीला मास्तर सांगतात की, तुझ्याजवळ फी भरायला पैसे नाहीत. मैत्रिणीने तुला मदत म्हणून एक मोलाची पिन दिली आणि ती या पडद्याच्या चुण्यांत खोचून ठेवली आहे. ती शोध. मुलगी रंगमंचावर धावत जाते, डोके धरते, ऊर बडवते, पडदा ओढते, सोडते. खाली येते ती लाल होऊन, खूप छान काम केले या आनंदात. मास्तर विचारतात, पिन कुठे आहे? तिला पिनेचा विसरच पडलेला! मग मास्तर सांगतात, आता जा आणि खरोखर शोध, नाही सापडली तर शाळा सोडावी लागेल. आता ती एकेक चुणी उलगडून बघते. ऊर बडवत नाही, कुणाकडे पाहत नाही. आणि वर्ग श्वास रोखून तिच्याकडे पाहत राहतो. मंगळसूत्राचा मणी अंगणात घरंगळला असता आपण कशा शोधतो ते आठवावे. त्या वेळी 'मला अभिनय येत नाही' हा विचार कुणाच्या मनात येतो का?

या काळ्यांचे नाव मराठी रंगभूमीच्या इतिहासात आणखी एका कारणाने येते. बोलपट आले आणि नाटक कंपन्यांचे दिवस फिरले. १९३२ साली प्रभात कंपनीचा अयोध्येचा राजा आला. जिथे नाटके होत त्या थिएटरांत पडदे लागले, कंपन्या एकामागून एक बसल्या. अशा पडत्या काळात काही शिकलेल्या मंडळींनी नाट्यमन्वंतर ही संस्था काढली. त्यात काळे होते, अनंत काणेकर होते, केशवराव भोळे आणि नट केशवराव दाते होते. १९३३ साली त्यांनी श्रीधर विनायक वर्तक यांचे आंधळ्यांची शाळा हे नाटक केले. नॉर्वेच्या ब्यर्नसन या नाटककाराच्या नाटकावरून ते घेतलेले. पदे थोडी, बोलणे घरातल्यासारखे, खरी खोली वाटावी असा देखावा. आणि स्त्रीभूमिका स्त्रियांनी करायच्या! ज्योत्स्नाबाई भोळे तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांच्या, गोव्याकडच्या, गाण्यासाठी नावाजलेल्या. त्यांनी आणि पद्माबाई वर्तक यांनी त्यात कामे केली. चार वर्षे आधी, १९२९ साली हिराबाई बडोदेकरांनी आपल्या भावंडांसह नाटक मंडळी काढून ही वाट थोडी मळवून ठेवली होती, हेही सांगितले पाहिजे. तसेच जळगावच्या गिरिजाबाई केळकर. घरात राहून लिहायला शिकलेल्या या बाईंनी पुरुषांचे बंड हे नाटक लिहिले आणि १९२८ साली नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. त्यांच्यावर स्वतंत्र लेख हवा.

ज्योत्स्नाबाईंनीच पुढे १९४२ साली मो. ग. रांगणेकरांच्या कुलवधूमध्ये भानुमती केली. घराला हातभार म्हणून बोलपटात काम करणारी सून आणि तिच्या कीर्तीने दुखावलेला नवरा, असे ते नाटक. म्हणजे नटीची गोष्ट आता घरातल्या बाईची गोष्ट झाली होती. आणि १९६० साली ज्योत्स्नाबाईंनी आराधना नावाचे नाटक स्वतः लिहिले.

आता एका सासू-सुनेची हकीकत. अयोध्येचा राजामध्ये तारामती झालेल्या दुर्गाबाई खोटे या मोठ्या घरातल्या. सासरी पैशाची ओढ लागली म्हणून चित्रपटात आल्या, पतीच्या निधनानंतर बकुळ आणि हरिन या दोन मुलांना त्यांनी आपल्या कमाईवर वाढवले. हरिन यांची पत्नी विजया. पूर्वाश्रमीच्या जयवंत, जन्म १९३४ साली बडोद्याचा. त्यांच्याही वाट्याला तेच आले. हरिन तरुणपणीच वारले आणि पदरी दोन मुलगे. पुढे त्यांनी फारोख मेहता यांच्याशी विवाह केला आणि आपण त्यांना विजया मेहता म्हणून ओळखतो. मुंबईत इब्राहिम अल्काझी यांच्याकडे त्या नाट्यकला शिकल्या. अल्काझी स्वतः लंडनला शिकून आलेले, शिस्तीचे कडक. १९६२ ते १९७७ ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते आणि तिथे आपल्या रोहिणी हट्टंगडी, उत्तरा बावकर अशा मुली तयार झाल्या.

विजयाबाईंनी १९६० साली विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे यांच्यासह रंगायन ही संस्था काढली. पैसा नव्हता, थिएटर नव्हते, होती ती फक्त तालीम. मला वाटते, मराठी तालमीत मोठा बदल झाला तो इथे. देवलांची तालीम कानाची होती. मास्तर म्हणतील तसे म्हणायचे. त्यातून मोठे नट निपजले हे खरे. पण मास्तर गेले की नट पोरका होई. नव्या तालमीत मास्तर म्हणून दाखवीत नाही. तो विचारतो. ही बाई या खोलीत का आली? तिला काय हवे आहे? उत्तर शोधायचे नटाने. कसे शोधले ते एकदा कळले की मास्तर असो नसो, वाट हाती राहते. सुलभाबाई स्वतः शाळेत शिक्षिका होत्या, ते त्यांच्या कामाला उपयोगीच पडले असेल. विजयाबाईंच्या हाताखालून गेलेल्या नटांत विक्रम गोखले, नाना पाटेकर, नीना कुलकर्णी अशी नावे आहेत. विजयाबाईंनी आपल्या आत्मचरित्राला नाव काय दिले असेल? झिम्मा! इंग्रजीत नाट्यकला शिकलेल्या बाईला आपल्या मंगळागौरीचा खेळ आठवावा याचे मला फार कौतुक वाटले. टाळी एका हाताने वाजत नाही, समोर दुसरी हवी, हे नाटकातही तसेच आहे.

या रंगायनचा एक धागा आपल्या शेजारी येऊन पोहोचतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे महेश एलकुंचवार नागपुरात असताना एकदा सिनेमाचे तिकीट मिळाले नाही म्हणून नाटकाला गेले. नाटक होते तेंडुलकरांचे मी जिंकलो मी हरलो, रंगायनने केलेले. ते पाहून आपणही नाटक लिहावे असे त्यांच्या मनाने घेतले. पुढे १९८५ साली त्यांचे वाडा चिरेबंदी विजयाबाईंनी बसवले. वऱ्हाडातल्या पडत्या वाड्याची, वाटणीची, दागिन्यांच्या पेटीची ती कथा. त्यातली वहिनी विजयाबाईंनी स्वतः केली. रोज रात्री सर्वांची जेवणे उरकून शेवटी बसणारी, ओठ मिटून सगळे पाहणारी वहिनी आपल्या प्रत्येक गल्लीत आहे. तिचे गप्प राहणेसुद्धा रंगमंचावर बोलते, आणि ते करायला तालीम लागते, हे नाटक वाचतानादेखील उमगते.

दुसऱ्या बाजूला मराठवाडा. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग निघाला आणि खेड्यापाड्यांतली मुले एसटीने येऊन नाटक शिकू लागली. तिथेच शिकवणाऱ्या लक्ष्मण देशपांडे यांचे वऱ्हाड निघालंय लंडनला आपण सर्वांनी ऐकले आहे. एकटा माणूस, एक उपरणे आणि बावन्न पात्रे. त्यातल्या म्हाताऱ्या ऐकताना आपल्याच आत्याबाई बोलतात असे वाटते. गावची बोली घेऊन मोठ्या रंगमंचावर उभे राहता येते, हा धीर त्यांनी किती जणांना दिला याची मोजदाद नाही.

एवढा इतिहास मनात ठेवून मी आपल्या मंडळाच्या तालमीला गेले. शिकवायला एक निवृत्त शिक्षिका येतात. तरुणपणी त्यांनी नाट्यशिबिरे केलेली आहेत. पहिले आठ दिवस त्यांनी संहितेचे नाव काढले नाही. सतरंजीवर पाठ टेकवून निजायला लावले. चाळीस-पन्नास वर्षांच्या बायका भर दुपारी दिवाणखान्यात आडव्या पडलेल्या, आधी हसूच आवरेना. पोटावर हात ठेवून श्वास पाहायचा. मग उठून प्रत्येकीने आपले नाव समोरच्या भिंतीला ऐकू जाईल असे सांगायचे. फक्त स्वतःचे नाव, पुढे कुणाचे नाही. हे सर्वांत अवघड गेले. आमच्यातल्या एक वहिनी नाव सांगायला उभ्या राहिल्या आणि ओठ हलले तरी आवाज फुटेना. बाईंनी "मोठ्याने बोला" असे एकदाही म्हटले नाही. त्या म्हणाल्या, "तुमचा नातू रस्त्यावर गेला, एसटी येते आहे, हाक मारा." वहिनींनी अशी हाक मारली की शेजारचे लोक बाहेर आले! "हाच आवाज," बाई म्हणाल्या, "आता याच आवाजात नाव सांगा."

दुसऱ्या दिवशी सूप न घेता तांदूळ निवडायचे होते. कुणाचे हात खडा काढताहेत, कुणाचे कणी पाखडताहेत, ते पाहणाऱ्यांना बिनचूक कळत होते. आपल्या हातांना एवढे येते हे आपल्यालाच ठाऊक नव्हते. एकीने रिकाम्या हातांनी बाळाला न्हाऊ घातले. पायांवर आडवे घेतले, कानात पाणी जाऊ नये म्हणून तळवा धरला. तिचे बाळ आता नोकरीला पुण्याला असते. कुणी काही बोलले नाही. बाईंनी थोडा वेळ तालीम थांबवली. त्यानंतर मात्र "मले नाही जमत" हे वाक्य मंडळात कमी ऐकू येऊ लागले. भीती गेली असे मी म्हणणार नाही, माझीही गेलेली नाही. पण मण्यासारखा काहीतरी शोध हाती असला की तिच्याकडे बघायला सवड मिळत नाही, एवढे खरे.

अडचणी आहेतच. दुपारी नळ येतो तेव्हा दोघी-तिघी उठून जातात. सोयाबीन काढणीला आले की चार जणी शेतावर असतात. एका भगिनीच्या घरी "या वयात सोंगे कशाला" असे झाले आणि त्यांनी येणे बंद केले. त्यांचे काम सासूचे होते आणि त्या ते फार छान करू लागल्या होत्या. बाईंनी ती भूमिका दुसऱ्या कुणाला दिलेली नाही. तालमीत त्यांची वाक्ये आली की आम्ही पाळीपाळीने वाचतो आणि त्यांच्या जागेवर पाट मांडून ठेवतो. त्यांच्या घरी जाऊन बोलण्यासाठी येत्या मंगळवारी आम्ही पाच जणी निघणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी चार वाजता बालाजी मंदिरापाशी यावे. तालीम बुधवारी आणि शनिवारी, दुपारी दोन ते चार. सतरंज्या कमी पडतात, तेव्हा आपापली आणावी.